टक्के आणि टोणपे

दहावीचा निकाल लागला की आपला पहिला प्रश्न काय असतो? ‘किती टक्के?’ पोरगं काय शिकलं, हे विचारायची आपल्यात पद्धत नाही.

अँटिव्हायरसलाही आपण तोच प्रश्न विचारतो.

परवा देहूतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो होतो. चाकणची पहिली शिफ्ट सुटून आलेले एक काका, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, काउंटरवर रेलून विचारत होते, ‘भाऊ, यातला सगळ्यात जास्त व्हायरस कोणता पकडतो?’ दुकानदाराने पापणीही न लववता एक डबा पुढे सरकवला. ‘हा घ्या काका. शंभर टक्के.’

शंभर टक्के व्हायरस, की शंभर टक्के मार्जिन? काकांनी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

डब्यावर गोल, सोनेरी पदकं छापलेली होती. निरखून पाहिलं तर सगळ्यात ताजं पदकही चार-पाच वर्षांपूर्वीचं. सातवीतल्या वक्तृत्व स्पर्धेचं प्रशस्तिपत्र लग्नाच्या बायोडेटाला जोडावं, तसं.

आता हे टक्के येतात कुठून? आपल्यापर्यंत ते दुकानदाराच्या तोंडून येत असले, तरी त्यांचं माहेर जर्मनीतलं माग्डेबुर्ग आणि ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक. पहिल्या गावी एव्ही-टेस्ट, दुसऱ्या गावी एव्ही-कम्पॅरेटिव्हज. जगभरचे अँटिव्हायरस या दोन केंद्रांवर परीक्षेला बसतात.

एव्ही-टेस्टची गुणपत्रिका तर आपल्याला पाहताक्षणी कळावी अशी. संरक्षणाला सहा, वेगाला सहा, वापरायच्या सोयीला सहा. एकूण अठरा.

अठरापैकी अठरा मिळवणारे किती? रांग लागते. दर दोन महिन्यांनी निकाल आणि दर निकालाला पहिल्या नंबरावर गर्दी. ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’वर वाढलेल्या महाराष्ट्राला याचं नवल वाटायचं कारण नाही.

राहता राहिलं दशांशाचं भांडण. एकाला ९९.५, दुसऱ्याला ९९.९. आपण लगेच दुसऱ्याच्या मागे. फरक किती? हजार नमुन्यांत एकाकडून पाच सुटले, दुसऱ्याकडून एक. पण ते हजारच्या हजार काही तुमच्या घरी जेवायला येणार नव्हते. तुमच्याकडे येणार तो एकच. तो सुटणाऱ्यांतला की धरला जाणाऱ्यांतला, हे कोणत्या गुणपत्रिकेत लिहिलंय?

बरं, उलटा हिशेब करा. एव्ही-टेस्टच्याच नोंदीप्रमाणे जगात रोज साडेचार लाखांवर नवे उपद्रवी प्रोग्रॅम सापडतात. ९९.९ वाल्याचा सुटलेला दशांश टक्का त्याला लावून बघा. रोजचे साडेचारशे होतात.

आणि तरीही तो टॉपर.

मुळात हा गडी चोर धरतो कसा? देहूकराला ते समजवायला इंजिनिअर लागत नाही. तुकाराम बीजेची गर्दी आठवा. पोलीस पाकीटमार कसे हुडकतात? पहिली तऱ्हा जुन्या भुरट्यांचे फोटो जवळ ठेवायची. चेहरा जुळला की बखोट धरायचं. अँटिव्हायरसवाले याला सिग्नेचर म्हणतात. अडचण एकच. आज पहिल्यांदाच धंद्याला निघालेल्याचा फोटो कोणाकडे असणार?

म्हणून दुसरी तऱ्हा. चेहरा सोडा, हात बघा. हजारो हात टाळीला आणि एकच शेजाऱ्याच्या खिशाला. नाव-गाव नंतर विचारू, आधी धरा. ही झाली वागण्यावरून ओळख. नव्या चोराला हीच लागू पडते.

फक्त कधी कधी स्वतःच्या खिशातून रुमाल काढणारा वारकरीच चौकीत जातो.

प्रयोगशाळा त्याला ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ म्हणते आणि त्याचे गुण कापते. दुकानात हा आकडा कोणी विचारलेला मी तरी ऐकला नाही. खरं तर शंभर टक्के व्हायरस पकडणारा अँटिव्हायरस बनवणं मुळीच अवघड नाही. दिसेल त्याला आत टाका. एकही चोर सुटणार नाही.

एकही वारकरी बाहेर उरणार नाही, एवढंच.

अतिशयोक्ती वाटते? २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीने एक अपडेट सोडलं आणि विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक अत्यावश्यक फाइल व्हायरस म्हणून धरली. जगभरातले कॉम्प्युटर चालू होईनात, झाले तर टिकेनात. चोर राहिला बाजूला, मुसक्या बांधल्या घरमालकाच्या.

चौदा वर्षांनी क्राउडस्ट्राइकने कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर याहून मोठा प्रयोग केला. तारीख १९ जुलै २०२४, आषाढी एकादशी होऊन दोन दिवस झाले होते. एक सदोष अपडेट आणि ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडले. हल्ला कोणीच केला नव्हता. रखवालदाराचाच पाय घसरला होता. आपल्याकडे विमानतळावर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले.

बॉलपेनला अजून तरी अपडेट येत नाही, हे नशीब.

परीक्षा म्हटली की कॉपी आलीच. २०१५ मध्ये एव्ही-टेस्ट, एव्ही-कम्पॅरेटिव्हज आणि व्हायरस बुलेटिन या तिन्ही परीक्षकांनी मिळून चीनच्या चिहू ३६० या कंपनीला धरलं. परीक्षेला पाठवलेल्या आवृत्तीत बिटडिफेंडर या दुसऱ्याच कंपनीचं इंजिन चालू होतं. घरोघरच्या चिनी ग्राहकांना मिळणाऱ्या आवृत्तीत ते बंद असायचं. त्या वर्षीची प्रमाणपत्रं काढून घेतली गेली.

आपल्याकडे याला डमी बसवणं म्हणतात. चीनला वाटलं, नवा शोध लावला.

इन्सब्रुकच्या पेपरात आणखी एक गंमत आहे. काही अँटिव्हायरस ऐन वेळी स्वतः निर्णय घेत नाहीत. समोरच्यालाच विचारतात, ‘हे चालवू का?’ परीक्षक अशा उत्तराला अर्धा गुण देतात.

म्हणजे खुर्चीतल्या माणसाच्या अकलेला सरसकट पन्नास टक्के. ऑस्ट्रियन माणूस फारच उदार.

आपल्या घरी या प्रश्नाचं काय होतं? आजोबांना हरिपाठ डाउनलोड करायचा असतो. पडद्यावर इंग्रजीत चौकट येते. आजोबा ‘यस’ दाबतात. का? कारण ‘नो’ दाबलं की हरिपाठ लागत नाही.

नातू आजोबांच्या पुढचा. त्याला गेम हवा, तोही फुकट. क्रॅकसोबत सूचना येते, ‘आधी अँटिव्हायरस बंद करा, मग इन्स्टॉल करा.’ नातू शाळेत बाईंचं ऐकत नाही, पण हे मात्र निमूट ऐकतो. दरोडेखोराने फाटकातून हाक मारावी, ‘तेवढं कुत्रं बांधा हो!’ आणि आपण आतून म्हणावं, ‘बांधलंय, या.’

कुत्र्याला अठरापैकी अठरा होते, बरं का.

एक नाव मात्र दुकानात कधीच कानावर पडत नाही. विंडोजबरोबर आपोआप येणारा डिफेंडर. हे घराणं एकेकाळी वर्गातलं ‘ढ’. २०१२ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टच्या सिक्युरिटी इसेन्शियल्सला एव्ही-टेस्टने प्रमाणपत्र नाकारलं होतं. पुढे पोराने अभ्यास केला. आता गेली काही वर्षं डिफेंडर त्याच परीक्षेत संरक्षणाला सहापैकी सहा आणतो. इंटरनेट नसलं की तो कच्चा पडतो, हे इन्सब्रुकवाल्यांनी दाखवून दिलंय. पण इंटरनेट नसलं की आपल्या घरातलं कोण कच्चं पडत नाही?

मग दुकानदार त्याचं नाव का घेत नाही? सोपं गणित आहे. फुकट मालावर कमिशन किती टक्के?

टक्क्यांचा हा एकच प्रश्न त्याला तोंडपाठ येतो.

विकत घेऊच नका, असं मी म्हणत नाही. पैसे मोजल्यावर फोन उचलून मराठीत बोलणारा माणूस मिळत असेल, तर त्याला किंमत आहे. फक्त आपण माणूस विकत घेतोय की दशांश, हे ठाऊक असावं.

इथे कोणीतरी छाती पुढे काढून म्हणतंच, ‘आपल्या मराठी माणसाचं घ्या.’ बोट असतं पुण्याच्या क्विक हीलकडे. गोष्ट खरोखरच अभिमानाची. रहिमतपूरच्या कैलास काटकरांनी दहावीनंतर शिक्षण सोडलं आणि रेडिओ-कॅल्क्युलेटरच्या दुरुस्तीत शिरले. धाकटे बंधू संजय मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर शिकता शिकता व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहू लागले. दुरुस्तीच्या दुकानातून कंपनी उभी राहिली आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात गेली.

ज्याच्या डब्याकडे बघून आपण टक्के विचारतो, त्याने टक्क्यांची शर्यत दहावीतच सोडली होती.

अभिमान बाळगा, पण गुणपत्रिका त्याचीही तपासा. व्हायरस आडनाव बघून थांबत नाही. उलट आडनाव लावून येतो. १९९० मध्ये भारतात सापडलेल्या एका व्हायरसचं नावच ‘जोशी’ होतं. दर ५ जानेवारीला तो कॉम्प्युटर अडवून बसायचा. ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप केलं की मुकाट्याने बाजूला. खंडणी नाही, धमकी नाही. नुसत्या शुभेच्छा.

आहेराचीही अपेक्षा न ठेवणारा तो शेवटचा व्हायरस.

रखवालदारावर कोण लक्ष ठेवणार, हा आणखी एक प्रश्न गुणपत्रिकेत बसत नाही. अव्हास्टचं उदाहरण घ्या. कोट्यवधी घरांत बसलेला हा पहारेकरी. त्याचीच उपकंपनी लोक इंटरनेटवर कुठे कुठे फिरतात, ही माहिती विकत होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने एक कोटी ६५ लाख डॉलरचा भुर्दंड जाहीर केला. चोर पकडण्यात पैकीच्या पैकी, आणि घरातल्या गोष्टी चावडीवर.

दोनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, याच अव्हास्टने दुसऱ्याचं पितळ उघडं पाडलं. मुंबईच्या ईस्कॅनचं अपडेट कॉम्प्युटरपर्यंत साध्या, कुलूप नसलेल्या वाटेने जायचं. हल्लेखोरांनी वाटेत गाठून ते बदललं आणि व्हायरस थेट अँटिव्हायरसच्याच हाताने घरात पोचवला. हे उघड होईपर्यंत भोक बुजवलं गेलं होतं.

एक चुगलखोर पहारेकरी, दुसरा गाफील. आणि आपण विचारतोय, टक्के कोणाचे जास्त?

काही जण फारच सावध. ते एकाच कॉम्प्युटरवर दोन-दोन अँटिव्हायरस टाकतात. दुप्पट संरक्षण! एका मंडपात दोन भजनी मंडळं बसवून बघा एकदा. दोघंही आपापल्या सुरात बरोबर असतात. ऐकणारा तेवढा उठून जातो.

कॉम्प्युटरही तेच करतो.

आपला अँटिव्हायरस जागा आहे की नुसता बसलाय, हे बघायची एक सोपी युक्ती आहे. आयकार नावाची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी फाइल असते. मुद्दाम याच कामासाठी बनवलेली. ती उतरवून घेतली की जागा असलेला अँटिव्हायरस ओरडतो. पण ओरडला म्हणून टक्के ठरत नाहीत. रात्री वॉचमनला हाक मारली, त्याने ‘ओ’ दिली. झोपला नव्हता, एवढंच सिद्ध झालं.

चोर येईल तेव्हा काय करेल, हे ‘ओ’वरून कसं कळणार?

आणि घर कोणतं राखायचंय ते तरी बघाल? विंडोज १० ची मोफत नेहमीची डागडुजी मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. विंडोज ७ ची तर त्याच्याही पाच वर्षं आधी. तरी तळवड्यापासून तळेगावापर्यंत कित्येक घरांत हीच मंडळी सुखाने नांदतायत. ‘विंडो मारून देतो’ म्हणणाऱ्याने कोणती विंडो मारली, हे विचारलंय कोणी?

भिंतीला भगदाड आणि दाराला पंचतारांकित कुलूप.

बरं, आपल्याकडे व्हायरस इंटरनेटवरून येतो असं समजणारे अजून पुस्तकी आहेत. तो येतो झेरॉक्सच्या दुकानातून. पोराचं प्रोजेक्ट छापायचं, बायोडेटा छापायचा, सरकारी योजनेचा फॉर्म छापायचा. खिशातून पेनड्राईव्ह निघतो, दुकानाच्या कॉम्प्युटरला लागतो. त्या कॉम्प्युटरला दिवसभरात अख्ख्या गावाचे पेनड्राईव्ह लागून गेलेले असतात. घरी आल्यावर उघडावं, तर सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले.

छपाई पाच रुपये पान. व्हायरस फुकट.

तरीही एक कबुली देतो. हल्ली आपल्या घरचा कॉम्प्युटर बऱ्यापैकी सुरक्षित असतो. अँटिव्हायरसमुळे नाही. तो बंदच असतो म्हणून.

सगळा व्यवहार मोबाइलवर. आणि तिथे चोराला कुलूप फोडावं लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका येते. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’. लग्न कोणाचं, ठाऊक नाही. तरी आपण उघडतो, कारण न उघडणं वाईट दिसतं. कधी पत्रिकेच्या जागी आरटीओचं चलन असतं. तेही उघडतो, कारण सिग्नल तोडल्याचं आपल्याला पक्कं आठवत असतं.

पुढे खातं रिकामं होतं आणि १९३० हा नंबर शोधायची धावपळ सुरू होते. मुळात अपरिचित ठिकाणाहून आलेलं अ‍ॅप टाकू का, असं फोनने विचारलेलं असतं. एकदा नाही, दोन-दोनदा.

अर्धा गुण आपला होता. तोही आपण घालवला.

मग तुलना फोल समजायची? तसंही नाही. गुणपत्रिका बघाच. पण एका निकालावर जाऊ नका, दोन-तीन वर्षांचे निकाल बघा. चोर किती धरले, याच्या शेजारी साव किती धरले तेही वाचा. तळाचे दोन-चार गाळा. वरच्यांत दशांश मोजत बसू नका. यातला कोणताही घ्या, चालू ठेवा आणि अपडेटची चौकट आली की ‘नंतर’ दाबणं सोडा.

इतकं केलंत तरी हजारात एखादा सुटणारच. आणि तो खंडणीवाला निघाला, तर एकच पुरतो. सगळ्या फाइलींना कुलूप, किल्लीचे पैसे वेगळे, पैसे दिल्यावर किल्ली मिळेलच याची हमी नाही. त्या दिवशी ९९.९ ला कोणी विचारत नाही. त्या दिवशी प्रश्न एकच उरतो.

दुसरी प्रत कुठे आहे?

हे देहूकरांना सांगावं लागावं? तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या आणि तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, ही आपली श्रद्धा. पण अभंग तोवर गावोगाव लोकांच्या मुखी गेले होते आणि चाकणच्या संताजी जगनाड्यांनी ते लिहून ठेवले होते, हेही आपलीच परंपरा सांगते.

देहूची प्रत चाकणला होती.

आज चाकणला नोकरी करणाऱ्याचं सगळं काही देहूत असतं. पोरांचे फोटो, सातबारा, घराच्या कर्जाची कागदं. एकाच पेनड्राईव्हमध्ये. दुसरी प्रत नाही.

आणि तो पेनड्राईव्ह?

झेरॉक्सच्या दुकानात राहिलाय.